दिवाळीपासून बंद

रेणू गेली त्या दिवशी मी वरठीला कारखान्यात पाळीवर होतो. मोबाईल गेटवर जमा असतो. शेजारच्या कुंताबाईंनी आमच्या संगणकावर चिकटवलेल्या नंबरावर फोन लावला. तो नंबर चंद्रकुमारचा होता. माझी बायको गेल्याचं आधी त्याला कळलं आणि गेटवर येऊन त्यानं मला सांगितलं. ते मला अजून सहन होत नाही.

चंद्रकुमारचे मोहाडीला कोसा रेशमाच्या साड्यांचे माग आहेत. रेणू त्याच्यासाठी काठांची नक्षी संगणकावर काढायची. संगणकावर लिनक्स प्रणालीही त्यानंच बसवून दिली होती. सोबत एक नेटवर्कचं सॉफ्टवेअर होतं. त्यातून तो मोहाडीत बसून तिचा स्क्रीन बघायचा, नक्षीही त्यातूनच जायची. फोनवर दोघं तासभर बोलायचे. मी कुरकुर करायचो. दिवाळीनंतर तर तो दर दोन दिवसांनी मोटरसायकलनं घरीच यायला लागला.

मी एकदा विचारलं, "हा कायले येते सारखा?"

"नक्षी न्याले येते. तुमीच शिका ना मंग, तुमच्या हातानं धाडा," ती म्हणाली आणि हसली.

मी शिकलो नाही.

आज अकराव्या दिवशी ते सॉफ्टवेअर काढायला बसलो. त्याचं काही या घरात ठेवायचं नव्हतं. पासवर्ड आणि कमांड तिच्या वहीत पहिल्याच पानावर होत्या. कमांड दिली तर यादी आली. यासोबत आणखी एकतीस पॅकेजं, म्हणजे जोडलेले प्रोग्रॅम, जातील, त्यात तिचं नक्षीचं सॉफ्टवेअरही. पुढे जायचं का, हो की नाही. मी नाही दाबलं आणि वहीची पुढची पानं चाळली.

तिच्या अक्षरात होतं, "नेटवर्कवालं काढायचं नाही, नक्षीवालंही जाते. फक्त बंद ठेवायचं. दिवाळीपासून बंद केलं. यांना आवडत नाही."

म्हणजे तिनं ते माझ्यासाठी बंद केलं होतं. म्हणून नक्षी पेनड्राईव्हवर न्यायला त्याला घरी यावं लागायचं, आणि तो आलेला बघून मी आणखी जळायचो.

तरी ते पान वाचताना मनात आलं, हेही तिला त्यानंच शिकवलं असेल.

परवा तेरवी आहे. अड्याळच्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. चंद्रकुमारला अजून सांगितलं नाही.