टेपर ऑफ

"मास्तर, ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा की," म्हणत केराबाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. कुंभारीहून त्या आमच्याकडे शेळीचं दूध घालायला येतात. सांधेदुखीसाठी गेले चार महिने त्यांना रोज एक स्टेरॉइडची गोळी चालू होती.

गोळीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'टेपर ऑफ'.

'टेपर'पाशी मी अडलो. कपाटात शब्दकोश होता, चार पावलांवर. पण बत्तीस वर्षं सोलापुरात इंग्रजी शिकवलेल्या माणसानं दोन शब्दांसाठी कोश उघडायचा, तोही दूधवाल्या बाईसमोर? 'ऑफ' तर माहीत होतं. घरातल्या बटणांवर असतंच.

"गोळी बंद करा," मी म्हणालो.

"एकदम?"

"हो, एकदम."

"बरं, तुमी म्हनता तर बंद," म्हणून त्यांनी चिठ्ठी कनवटीला लावली.

पाचव्या दिवशी दूध घेऊन त्यांची सून मायाक्का आली. सासूबाई उलट्या होऊन चक्कर येऊन पडल्या, दवाखान्यात ठेवलंय, म्हणाली. "डाक्टर लई वरडला. गोळी बंद करा म्हून कुनी सांगितलं, म्हनला. आत्तीनं तुमचं नाव न्हाय घेतलं." सासूला ती आत्ती म्हणते.

ती गेल्यावर मी कोश उघडला. 'हळूहळू कमी करत नेणे.' एवढंच होतं.

दुपारी दवाखान्यात गेलो. केराबाई उशाला टेकून चहा पीत होत्या. वाटेत जुळवलेली वाक्यं मी विसरलो. "मला तो शब्द येत नव्हता," एवढंच बोललो.

"मला वाटलंच हुतं. शेळीचं पिल्लू आईपासनं कोन एकदम तोडतंय? आदी दुपारचं पाजनं बंद, मग सकाळचं. न्हायतर पिल्लू वाळतंय अन् आईची कास सुजती. पन म्हनलं, मास्तरांना ठावं असंल."

"मग विचारलं का नाही?"

"इचारलं की. एकदम? म्हनून."

त्यांनी उशीखालून नवी चिठ्ठी काढली. "ही वाचा. अन् येत नसंल तर तसं सांगा." शेजारच्या खाटेवरची बाई हसली.

चिठ्ठीत तेच दोन शब्द होते, खाली आठवड्यागणिक गोळ्या. सगळं कळत होतं. तरी मी चिठ्ठी घेऊन नर्सबाईंकडे गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, हे मला जरा समजावून सांगा."