दुपारचं कुलूप

“लघवीचा रंग विचारत फिरती गल्लीत. माझी सून. तुमची नर्स.”

वेणूबाईंनी एवढं बोलून टेबलावर बोट आपटलं आणि मग खुर्ची पुढे ओढली. सकाळपासून त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या. आधी डॉक्टरांचा राउंड, मग कसलीशी मीटिंग. तेवढ्या वेळात तक्रारीला चांगली धार लावून झाली होती.

इनचार्ज सिस्टर सुनीती यांनी पेनाला टोपण लावलं. महापालिकेच्या रुग्णालयात इतकी वर्षं काढल्यावर तक्रारीचं काही वाटत नाही. सलाइन संपलं, पंखा फिरत नाही, डॉक्टर कधी येणार. ही तक्रार मात्र त्यांनी पहिल्यांदा ऐकली.

“नीट सांगा बघू, मावशी.”

“मावशी नका म्हणू. तुर्भ्याच्या आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष हाय मी. वेणूबाई.”

“बरं, वेणूबाई. संघप्रियाबद्दल बोलताय ना?”

“दुसरी कोण? सुट्टीच्या दिवशी बाई घरात दोन भाकरी थापंल, लेकराच्या डोक्याला तेल लावंल. ही रंगाच्या दुकानातलं कार्ड घेऊन दारोदार. भिंतीला रंग देताना दाखवतात बघा, एका पिवळ्याचे धा पिवळे, ते. म्हणती, यातला कंचा? अहो, माझ्या वयाच्या बायांना विचारती! सुंदराबाईला वाटलं, सरकार घराला रंग देऊन ऱ्हायलंय. तिनं चांगला झेंडूसारखा निवडला.”

सुनीती सिस्टरांना हसू आलं. ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं आणि दुसरा ग्लास भरून वेणूबाईंपुढे सरकवला. वेणूबाईंनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मी दिवसा पाणी घेत नसते.”

हे त्या कुणी आपलं गाव सांगावं तशा सांगत. खदानीत कामाला असल्यापासूनची सवय. सकाळी कपभर चहा, की दिवस मावळेपर्यंत घसा ओला करायचं नाव नाही. बाईनं तहान गिळायला शिकावं, असं त्या मंडळात येणाऱ्या प्रत्येक नव्या सुनेला सांगत, आणि सुना माना डोलवत.

“आता रविवारी विहारात सभा ठेवलीया तिनं,” वेणूबाई म्हणाल्या. “मंडळ माझं, सभा हिची. मला नुसतं सांगितलं, विचारलं नाय. आन विषय काय, तर वस्तीच्या संडासाचं कुलूप. विहारात! बुद्धाच्या मूर्तीपुढं संडासाच्या गोष्टी करायच्या का बायांनी?”

“कुलूप कसलं?”

“असतंय दुपारचं. टाकीत पाणी नसतं म्हणून तिथला राखणदार, तो नंदकिशोर, कुलूप लावून झोपतो. उन्हं उतरली की उघडतो. आता त्याला काय करायचं? सांभाळून घ्यावं बाईनं. तुमी तिला समजवा. तुमचं ऐकंल ती. नायतर मी भर सभेतून उठून जाईन. आन मी उठले की माझ्यामागं सगळ्या बाया उठतात, हे तिलाबी ठाऊक हाय.”

सुनीती सिस्टरांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या काचेला कुणीतरी आतून वर्तमानपत्र चिकटवलं होतं. तरी ऊन त्यातून गाळून टेबलावर पडलंच होतं.

“तिला मीच पाठवलंय,” त्या म्हणाल्या. “आमचं प्रशिक्षण झालं, हवामान बदलाचं. ते संपल्यावर सगळ्या सिस्टरांना सांगितलं, आपापल्या वस्तीत बघून या. कोण पत्र्याखाली राहतं, कोण पाणी पीत नाही, का पीत नाही.”

“हवामान बदललं म्हणून मुताचा रंग बदलतो?”

“बदलतो. पाणी कमी पडलं की गडद होतो.”

इतकं साधं उत्तर येईल असं वेणूबाईंना वाटलं नव्हतं. त्यांनी पदर उगाच झटकला.

“ऊन काय आज आलंय का? आमी परभणीकडची माणसं. हितं आलो तर खदानीत खडी फोडली. दगडावर हात ठेवला की कातडं चिकटायचं. मी तिला म्हनलं, तू काय आता सूर्याला सलाइन लावणार का?”

“मग काय म्हणाली?”

“म्हणाली, सूर्याला नाही आई, गल्लीला लावायची वेळ येऊ नये म्हणून फिरते. उलट उत्तर. हळू आवाजात, पण उलटच.”

“मी नर्सिंगला होते ना, तेव्हा उष्माघात हा आम्हाला परीक्षेपुरता धडा होता,” सुनीती सिस्टर उठत म्हणाल्या. “नागपूरच्या मुली गंभीरपणे वाचायच्या, आम्ही मुंबईकडच्या पानं उलटायचो. समुद्राजवळ कुणाला काय होतंय? आता मार्च लागला की मी खाटा बाजूला काढून ठेवते. पेपरात हवामान बदललं म्हणतात. आमच्याकडे ते खाटेवर येऊन झोपतं. चला, सून वॉर्डातच आहे. तुम्हीच सांगा तिला. मी अडवणार नाही.”

वेणूबाई उठल्या. उठताना टेबलाला धरावं लागलं, ते त्यांनी सिस्टरांना दिसू दिलं नाही.

बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला, खिडकीला भिजवलेली गोणपाटं टांगली होती. त्यांच्या आडोशाला खाटा ओळीनं लावलेल्या. तिथं पाठमोरी एक नर्स बादलीत फडकं पिळत होती. ती आपली सून आहे हे वेणूबाईंना लगेच कळलं नाही. घरात संघप्रिया सावकाश हलायची. भांडं ठेवलं तरी आवाज नाही, म्हणून वेणूबाई तिला मांजर म्हणत. इथंही आवाज नव्हता, पण पायांना चाकं होती. एकीच्या काखेत ओलं फडकं, दुसरीची सुई बघ, तिसरीच्या तोंडाला पेला. दोन खाटांच्या मध्ये थांबणं म्हणून नाही.

तिच्या गणवेशाची पाठ घामानं शरीराला चिकटली होती.

“अगं बाई! आजी, तुमी?”

हाक खाटेवरून आली. वेणूबाई वळल्या. गल्लीतल्या भागीरथीची सून मीना, गेल्या दिवाळीतच लग्न होऊन आलेली. हाताला सलाइन, ओठांवर पांढरे पापुद्रे.

“तू गं हितं कशी?”

“चक्कर आली. ते महाप्याच्या कंपनीचे प्लास्टिकचे तुकडे कातरायचं काम घेतलंय ना, ते करत बसले होते पत्र्याखाली. सासूबाईंनी रिक्षात घातलं. त्या खाली औषधं आणायला गेल्यात.” मीना उठून बसायला बघत होती. संघप्रियानं एका हातानं तिला परत निजवलं. सासूकडे एकदा बघितलं, ‘आई’ एवढंच म्हणाली आणि सलाइनचा थेंब बघू लागली.

“पण आजी,” मीनाचा चेहरा उजळला, “मी तुमच्यासारखंच केलं हां. तुमी मंडळात म्हणालात ना, तहान गिळायला शिकावं? सकाळी चहा घेतला तेवढाच. चक्कर येईपर्यंत घोटभरसुद्धा नाही. मला एकदाही जायला लागलं नाही. आमच्या सासूबाई सगळ्यांना सांगतात, माझी सून वेणूबाईच्या वळणाची हाय म्हणून.”

ती शाळेत पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोरीसारखी बघत होती. शाबासकीची वाट.

वेणूबाई खाटेजवळ सरकल्या. त्यांनी खाटेची कड धरली आणि मीनाच्या पायांवरची चादर, नीट असलेली, पुन्हा नीट केली.

सुनीती सिस्टर दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

“आणखी कोण?” वेणूबाईंनी विचारलं. आवाज हळू होता.

संघप्रिया फडकं पिळत राहिली.

“तुला विचारायली मी. गल्लीत फिरलीस ती. का पीत नाही, असं विचारलंस तेव्हा आणखी कुणी माझं नाव घेतलं?”

“आई, घरी बोलू.”

“हितंच बोल.”

“घेतलं पुष्कळ जणींनी.” संघप्रियानं फडकं मीनाच्या मानेखाली सरकवलं. “कुलूप आहे म्हणून पीत नाही, असं एकही म्हणाली नाही. सगळ्या म्हणाल्या, वेणूबाई नाही का पीत?”

“आन तू घरी येऊन माझ्या हातची भाकर खाल्लीस, काही बोलली नाहीस.”

“काय बोलू?”

“हेच. की सासूबाई, तुमच्यापायी बाया आडव्या पडायल्यात.”

संघप्रियानं पहिल्यांदा हात थांबवले. हातातून पाणी टपकत होतं.

“खदानीत तुम्हाला कुणी पाणी दिलं होतं का, आई? आडोसा दिला होता? अभयचे बाबा सांगायचे मला, मुकादम तिथंच उभा राहायचा, म्हणून बायका पाणीच प्यायच्या नाहीत. तुम्ही त्या उन्हात तेवढ्यावर जगलात. ती तुमची चूक आहे असं मी कुठल्या तोंडानं सांगू?”

अभय संघप्रियाचा नवरा; त्याचे बाबा म्हणजे वेणूबाईंचे मालक. जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे आपण नवऱ्याशीही धड बोललो नव्हतो, असं वेणूबाईंना वाटत होतं. त्यानं बघितलं होतं तर. आणि सुनेजवळ सांगून गेला होता.

गोणपाटातून गरम वारा आला, ओला होऊन. मीना एकदा वेणूबाईंकडे, एकदा संघप्रियाकडे बघत होती. आपलं कुठं चुकलं ते तिला कळत नव्हतं.

औषधांच्या ट्रॉलीवर संघप्रियाची स्टीलची बाटली होती. वेणूबाईंनी ती उचलली. झाकण घट्ट होतं. बोटांत जोर येईना. संघप्रिया पुढे झाली, तसा त्यांनी खांदा वळवला आणि स्वतःच उघडलं. मग मीनाच्या अगदी समोर, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, बाटली तोंडाला लावली. पहिला घोट घशात अडला. खोकला आला. तो जिरू दिला आणि पुन्हा प्यायल्या. मान वर करून, सगळ्या वॉर्डाला दिसेल असं.

मीनाचं तोंड उघडंच राहिलं.

“काय बघतीस? वेणूबाईच्या वळणाची ना तू? मग पी.”

संघप्रियानं पेला पुढे केला, तो मीनानं घेतला.

वेणूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. रिकामी बाटली ट्रॉलीवर ठेवली, जराशी आपटूनच.

“रविवारी सभा कधी हाय?”

“सकाळी. ऊन चढायच्या आत,” संघप्रिया म्हणाली.

“तू बोलू नको. तुला बोलता येत नाय. तुझं बोलणं म्हणजे मांजराचं चालणं. मी बोलते. आन त्या नंदकिशोरला आधी बोलावून घे. टाकीत पाणी का नसतं ते त्याच्या ठेकेदाराला विचारू दे. तवर चावी माझ्या कमरेला. झोपायचं तर खुशाल झोप म्हणावं, दार उघडं ठेवून.”

“आई, विहारात हा विषय चालेल ना?”

“बुद्धाला पाण्याचं वावडं होतं का गं?”

संघप्रिया हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले. दिवसभरात पहिल्यांदाच ती टेबलाला टेकून उभी राहिली. तिच्या खिशातून रंगाच्या दुकानातलं ते कार्ड डोकावत होतं. कडा मऊ झालेल्या, कुठं हळदीचं बोट लागलेलं. वेणूबाईंनी ते दोन बोटांनी ओढून काढलं आणि खिडकीकडे धरलं. फिकट लिंबाच्या पाण्यापासून उतरत उतरत तळाशी कोऱ्या चहापर्यंतचे रंग.

त्यांचं बोट वरून खाली सरकत गेलं. लिंबू, हरभऱ्याची डाळ, झेंडू. कुठंच थांबलं नाही. अगदी शेवटच्या चौकोनावर आल्यावर त्यांनी नखानं तिथं दाबून धरलं, आणि कार्ड सुनेपुढे केलं.

संघप्रियानं त्या नखाकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे, सुकलेल्या ओठांकडे, जसं ती इथं सगळ्यांकडे बघत होती तसं. तिनं हात पुढे केला आणि त्यांच्या मनगटावर नाडीच्या जागी बोटं ठेवली.

वेणूबाईंनी हात काढून घेतला नाही.

“सगळी गल्ली हिंडलीस, संघप्रिया,” त्या म्हणाल्या. “दारोदार विचारलंस. घरात एक म्हातारी हाय, तिला तेवढं नाय विचारलंस. हे तुझं वागणं मला पटलं नाय.”