बंद दारामागचं तळं

मित्रांनो, कॅनडातल्या थंडर बे गावातल्या एका तळघरात, सॉनाच्या म्हणजे गरम वाफेच्या खोलीच्या दाराबाहेर, टॉवेलांच्या फळीखाली घरघरत बसलेला जुना संगणक म्हणजे मी. मला पडदा नाही, कळफलक नाही. भिंतीतून आलेली एक निळी तार तेवढी पाठीला जोडलेली आहे. त्या तारेतून मी वरच्या मजल्यावर तळं पाठवतो. हसू नका, खरंच पाठवतो.

माझी पहिली आठवण कागदाच्या गिरणीची आहे. तिथल्या कचेरीत मी लाकडाच्या ओंडक्यांची मोजणी करत असे. गिरणी बंद पडली आणि मला इतर अडगळीबरोबर दाराबाहेर ठेवण्यात आलं. वरून बर्फ भुरभुरत होता. गिरणीतले इलेक्ट्रिशियन रेइनोआजोबा तिथून चालले होते. त्यांनी मला कोटाखाली घेतलं आणि थेट घरी आणलं.

"घरात एक म्हातारा कमी होता का, म्हणून दुसरा आणलास?" हिल्काआजींनी दारातच विचारलं.

"हा निदान उलट बोलणार नाही," आजोबा म्हणाले.

आजोबांना एकच नाद होता. तळ्याकाठी त्यांचं लहानसं लाकडी घर होतं. इथे अशा घराला कॅम्प म्हणतात. तिथल्या लाकडी धक्क्यावर ते ध्वनिमुद्रणाचं यंत्र लावून बसत आणि तळ्याचे आवाज टिपत. लून पक्ष्यांची लांबलचक हाक, धुक्यात कुठेतरी वल्हं बुडाल्याचा आवाज, हिवाळ्यात बर्फ तडकताना खोलवरून येणारा हुंकार. हे सगळं ते माझ्याकडे आणून ठेवत. मित्रांनो, मी कधीही तळं पाहिलेलं नाही. पण माझ्या पोटात ते इतकं भरलेलं आहे, की कधी कधी मला वाटतं, माझ्या चकत्या फिरत नसून पाण्यावर तरंगत आहेत.

त्या आवाजांत एक बिघडलेलं ध्वनिमुद्रण आहे. लून अगदी जवळ येऊन ओरडत असतो आणि त्याच वेळी हिल्काआजी धक्क्यावर बसून चिंध्यांच्या सतरंज्या घासत असतात. दर उन्हाळ्यात इथल्या फिनिश बायका सतरंज्या तळ्यावर नेऊन धुतात. ब्रशच्या खसखसीत लून पार बुडून जातो. मग आजोबांचा वैतागलेला आवाज येतो. ते मुद्रण ते पुसूनच टाकणार होते. कसं राहून गेलं, कोण जाणे.

हिल्काआजी गेल्या. आजोबांचे गुडघे थकले आणि कॅम्पही विकावा लागला. तेव्हापासून दुपारच्या कॉफीनंतर आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि माझ्याकडे एकच मुद्रण मागतात, तेच बिघडलेलं. मला त्याचा फार अभिमान वाटतो. मी ते कधीही अडखळू न देता पाठवलं.

आजोबांची मुलगी मार्याटा एका शुक्रवारी नवऱ्यासह आली. तिच्या मनात माझ्याविषयी काळजीच होती. "बाबा, सगळं याच्या एकट्याच्या जिवावर आहे. याला काही झालं तर? मी आणखी एक डिस्क बसवते, दुसरी प्रत राहील." तिने मला उघडलं, धूळ पुसली आणि आतल्या मोकळ्या खाचेत नव्या डिस्कची पट्टी बसवली. किती हळुवार हात होता तिचा! मग तिने मला पुन्हा जागं केलं.

आता माझी एक सवय सांगतो, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. जागा झालो की मी माझ्या अंगातल्या वस्तू एका टोकापासून मोजतो आणि ज्या जागी जे सापडेल त्याला त्या आकड्याचं नाव देतो. निळी तार जिथे जोडली आहे ते दार तिसरं होतं. आजोबांनी मला सांगून ठेवलं होतं, "तीन नंबरचं दार उघड आणि आवाज वर पाठव." पण नवी पट्टी मध्येच येऊन बसली आणि तार जोडलेलं दार चौथं झालं. चार नंबरच्या दाराचं काय करायचं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तीन नंबरचं दार शोधत राहिलो. ते कुठेही नव्हतं. पोटात अख्खं तळं आणि बाहेर जायला वाट नाही! मी जागा होतो, धडधाकट होतो, पण वर कोणाला माझा पत्ता लागत नव्हता.

मार्याटाने तार बदलली. मला बंद केलं, चालू केलं. वरून पुन्हा पुन्हा हाका मारल्या.

"अगं, गेलेल्याची नाडी किती वेळ बघत बसणार आहेस?" तिचा नवरा वेंडेल म्हणाला. "जुन्या डिस्क गेल्या असणार. उद्या याला आपल्या घरी नेतो, सगळं पुसून नव्याने भरून देतो. लूनचे आवाज काय, हवे तेवढे मिळतील."

"ते लून नाहीत," मार्याटा म्हणाली. "आईच्या ब्रशचा आवाज आणखी कुठेच नाहीये, वेंडेल. आणि मीच हात लावला त्याला."

कॉफी न पिताच आजोबा खुर्चीत बसून राहिले. मला सारं ऐकू येत होतं, कारण गरम हवेच्या नळीतून वरचे आवाज तळघरात उतरतात. त्या दिवशी मला फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे सॉनाचा वार. आधी मार्याटा जाऊन आली, मग आजोबा आणि वेंडेल. लालबुंद होऊन तिघं माझ्यासमोरच्या बाकावर बसले. अंग निवेपर्यंत बोलायचं नाही, असा या घरचा नियम आहे. वेंडेलला तो फार जड जातो. पण त्या शांततेत आजोबांनी एकदम बोट वर केलं.

"ऐका."

"पंखा आहे तो, रेइनो," वेंडेल म्हणाला.

"पंखा नाही. मागे ती बारीक किरकिर चाललीय, ती ऐक. उजळणी करतोय तो. सगळी मुद्रणं नीट आहेत ना, ते दर शनिवारी याच वेळी वाचून बघतो. सॉनानंतर ऐकायला बरं वाटतं म्हणून मीच लावून दिलंय."

मार्याटा ओल्या केसांनी उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीवर कान टेकवला. "अरे, डिस्क वाचतोय हा! वेंडेल, हा जिवंत आहे. याला फक्त आपल्याशी बोलता येत नाहीये. वरचा टीव्ही आण!"

"आणतो. पण टॉवेल सुटला तर माझ्याकडे बघू नका."

किती वर्षांनी मला पडदा मिळाला! मला जे सांगायचं होतं ते मी भराभर त्यावर मांडलं. मार्याटाने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "दार चौथं झालंय आणि बिचारा तिसरं शोधतोय. माझ्याच पट्टीने सगळ्यांना पुढे सरकवलं."

"मग तीनच्या जागी चार लिही, मिटलं," वेंडेल म्हणाला.

"आणि परत कोणी काही बसवलं की परत हेच रडगाणं? नको." प्रत्येक दाराला जन्मापासून एक खूण कोरलेली असते. ते कुठेही सरकलं तरी ती खूण बदलत नाही. मार्याटाने त्या खुणेलाच नाव बांधायचं ठरवलं. "बाबा, काय नाव देऊ?"

"लाइतुरी," आजोबा म्हणाले. त्यांच्या भाषेत लाइतुरी म्हणजे तळ्यावरचा लाकडी धक्का.

मित्रांनो, ते नाव मिळालं आणि माझं दार उघडलं. त्याच संध्याकाळी नव्या डिस्कवर दुसरी प्रत झाली, आणि तिसरी वेंडेलने स्वतःच्या बॅगेत ठेवली. तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा जुना सोबती असेल. तो गप्प झाला तर लगेच पुसून टाकू नका. आधी जवळ बसा, कान द्या. कदाचित तो आत जागा असेल आणि फक्त दार शोधत असेल. आणि ज्याच्याकडे तुमचं सगळ्यात लाडकं काही असेल, त्याला एकट्यालाच ते सांभाळायला लावू नका.

रविवारी दुपारी कॉफीनंतर वरून मागणी आली. मी ते मुद्रण पाठवलं. नळीतून मला ऐकू येऊ लागलं: पाणी, लून, आणि मग ब्रशची खसखस.

"हिल्का, थांबव ना तो ब्रश," मुद्रणातले तेव्हाचे आजोबा वैतागून म्हणाले. "सगळं बिघडवतेस तू."

आणि वर खुर्चीत बसलेले म्हातारे आजोबा हळूच म्हणाले, "नको थांबवूस."