पांढरा रंग आणि नियम सातवा

ग्रोशेर गावच्या बोट क्लबचा अध्यक्ष स्तूरे याला घाण सहन होत नाही. म्हणजे दुसऱ्याची. चाळीस वर्षं मी इथे बोटी दुरुस्त करतोय, पण बोटीच्या मागे पाण्यात सोडलेला स्टर्नड्राइव्ह, म्हणजे पंखा फिरवणारा तो पाय, दात घासायच्या ब्रशने घासणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या पायाला जस्ताचा एक ठोकळा लावलेला असतो. खारं पाणी ठोकळा खातं आणि पाय वाचतो. पण खाल्लेला ठोकळा ओंगळ दिसतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी स्तूरेने सभेत नियम सातवा आणला: पुढच्या धक्क्यावरच्या सगळ्या बोटींचे पाय, ठोकळ्यासकट, पांढरे रंगवायचे.

मी म्हणालो, "ठोकळाच रंगवलास तर पाणी खाणार काय?"

"आर्विद, तू मेकॅनिक आहेस. कसं दिसतं ते आमच्यावर सोड."

हात वर करण्यात आमची माणसं पटाईत. मीही केला, खोटं कशाला बोलू; कॉफी थंड होत होती. केला नाही तो फक्त अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या योर्दिसने. तिने पाय रंगवलाही नाही, म्हणून तिच्या हिरव्या, पोपडे निघालेल्या बोटीची रवानगी मागे मासळीच्या गोदामापाशी झाली.

या जूनमध्ये स्तूरेच्या मुलीचं, तूवेचं, समोरच्या बेटावरच्या चर्चमध्ये लग्न होतं. नवरी बापाच्या बोटीतून जाते, ही इथली रीत. आदल्या दिवशी त्याची बोट गुरगुरायला लागली. इंजिन बोंबलत होतं, बोट जागची हलत नव्हती. स्तूरेने इंटरनेटवर वाचून फिल्टर बदलला, मग पंखा बदलला, मग पेट्रोलवाल्याचा उद्धार केला. एवढं झाल्यावर त्याला माझी आठवण झाली.

मी पायातलं तेल सोडलं. ते दुधाच्या कॉफीसारखं पांढरट आलं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. बोट क्रेनने वर घेतली आणि स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडला, तर स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. आत गिअरचे दात गंजून उडाले होते. ठोकळा मात्र रंगाखाली कोरा करकरीत होता.

"नवा पाय कधी मिळेल?" स्तूरेने विचारलं.

"सहा आठवड्यांनी."

"मग दुसऱ्या कुणाची बोट घेऊ."

धक्क्यावरचे सगळे पांढरे पाय मी तपासले. एकूण एक फोडांनी भरलेले.

"यातल्या एकीतही मी माझी मांजर बसवणार नाही," मी म्हणालो.

तूवे तिथेच उभी होती. "बाबा, उद्या अकराला लग्न आहे माझं," एवढंच म्हणाली. मला तिची दया आली, आणि बापाचा मनस्वी राग आला. मी दोघांना गोदामापाशी नेलं. योर्दिसच्या बोटीचा ठोकळा उंदराने कुरतडलेल्या चीजसारखा झाला होता. पाय ठणठणीत.

"पोरीला नेईन की," योर्दिस म्हणाली. "तिचा काय दोष? पण नवरी चढते पुढच्या धक्क्यावरून, आणि तिथे मला बंदी आहे. नियम सातवा."

"अगं, उद्यापुरतं चालेल."

"असं कसं चालेल, स्तूरे? मी नियमाने वागणारी बाई. सभा बोलव."

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला धक्क्यावर सभा भरली. सगळे सुटाबुटात. नियम रद्द करायचा ठराव अध्यक्षांनीच मांडला.

"कारण नोंदवावं लागतं," योर्दिस म्हणाली. "जरा मोठ्याने, मला कमी ऐकू येतं."

तिला मुंगीचंही ऐकू येतं.

स्तूरेने टाय सैल केला. "कारण, अध्यक्षांचं चुकलं."

हात वर झाले. या वेळी सगळ्यांत आधी माझा.

हिरवी बोट नवरीला घेऊन निघाली. स्तूरे मागच्या फळीवर बसला होता आणि त्याच्या काळ्या सुटाला हिरवे पोपडे चिकटले होते. ते झटकायला त्याने हात उचलला, तूवेकडे पाहिलं, आणि हात तसाच खाली घेतला.