फळ्यावरचं 'उद्या'

मित्रांनो, मी कुडव्याच्या चौकातला एक जुना फळा आहे. आयुष्यात मी एकदाच खोटं बोललो. तेवढं सांगायलाच आज तोंड उघडलंय, तर नीट ऐका बरं का!

माझं लाकूड दरेकशाच्या जंगलातलं. वीस वर्षं मी शाळेत पाढे अंगावर वागवले. मग तिथे पांढरे चकचकीत फळे आले आणि मी गेलो अडगळीत. उत्सव मंडळानं मला उचललं, काळा रंग दिला आणि चौकात पाण्याच्या टाकीखाली टांगलं. काय माझा थाट! शारदोत्सव कधी, मंडईच्या जत्रेला दंडारीचा खेळ कुणाचा, रांगोळी स्पर्धा किती वाजता, सगळं माझ्या अंगावर. दंडारीचा दिवस टाळून लोक लग्नाची तारीख धरायचे, ती मला विचारूनच!

माझ्यासमोर मंदाबाईंचा फुटाण्यांचा ठेला. साठी उलटल्यावर त्या साक्षरता वर्गाला जाऊ लागल्या. शेजारची नववीतली दामिनी त्यांचा सराव माझ्यावरच घ्यायची. मंदाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्या इतक्या जवळ येऊन वाचायच्या की नाकाच्या शेंड्याला खडू लागायचा. मला गुदगुल्या व्हायच्या, खरं सांगतो!

दिवाळीच्या सुट्टीत दामिनी मामाकडे कोहमाऱ्याला गेली. तेव्हाच एका सकाळी मंडळाचे अध्यक्ष भूपेंद्रभाऊ ऐटीत लिहून मोकळे झाले: 'रांगोळी स्पधा'.

"भाऊ, रफार कोठी पडला तुमचा?" मंदाबाईंनी विचारलं.

अख्खा चौक खदखदला. भाऊही हसले. पण त्यांच्या मुठीत खडू मोडला, तो आवाज मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यावर लिहिलं: 'उद्या सायंकाळी सहा वाजता, साक्षर झाल्याबद्दल श्रीमती मंदाबाई यांचा जाहीर सत्कार.' तारीख नाही.

मंदाबाईंनी ते तीनदा वाचलं. स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं, पण पुसलं जाऊ नये म्हणून हवेतच.

दुसऱ्या दिवशी ठेला बंद. हिरवं लुगडं नेसून, घरची खुर्ची आणून त्या माझ्यासमोर बसल्या. सहा वाजले, साडेसहा वाजले. भूपेंद्रभाऊंची मोटारसायकल थांबली.

"काय मावशी, नवरी बनून बसली!"

"आज सत्कार हाय ना भाऊ?"

"आज? पढ़ना आता है ना? वाच बरं, का लिवलं हाय?"

मंदाबाईंनी मला नाक टेकवलं. "उ... द्या..."

"मंग उद्या ये ना!"

त्या आल्या. मी तसाच: 'उद्या'. तिसऱ्या दिवशीही आल्या. आता लोक चहाचे ग्लास घेऊन बघायलाच उभे राहायचे. "मावशी, आज तरी उद्या निघाला का?" आणि हशा. मित्रांनो, मला स्वतःचं अंग पुसता येत नाही हो!

चौथ्या दिवशी दामिनी परतली. तिनं मला वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. तो चेहरा बघून मंदाबाईंना सगळं कळलं. त्या उठल्या, पदरानं मला पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "तू तं खोटा नव्हतास रे."

महिन्याभरानं दामिनीनं स्वतः माझ्यावर लिहिलं: 'उद्या सकाळी दहा वाजता मोफत नेत्रतपासणी. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही मोफत.' आणि धावत ठेल्याकडे गेली. "आजी, चाल ना! या टायमाले खरं हाय!"

"कायले?" मंदाबाई फुटाणे भाजत राहिल्या. "त्या फळ्यावरचा उद्या येत नाही माय."

दुसऱ्या सकाळी दवाखान्याची गाडी आली. दामिनीनं हात धरून ओढलं, विनवलं. मंदाबाईंनी हात सोडवून घेतला. दुपारी गाडी गेली.

आता त्यांना अक्षर दिसतच नाही. घरी जाताना त्या हातानं चाचपडत माझ्यापर्यंत येतात, मला ओलांडतात आणि पुढे भिंत धरतात.

मित्रांनो, म्हातारे फळे तुमच्याकडे रंग मागतात, सावली मागतात. मला ते काही नको. माझ्यावर कुणी तरी नाक टेकवून, एकेक अक्षर जोडून वाचत असतं. रफार विसरलात तरी चालेल. तारीख मात्र लिहा.