दाखल्यातली आई

कोर्टाचा दत्तकाचा हुकूम हातात पडला त्या दिवशी मावशीला वाटलं, सुटलो एकदाचे. बाहेर पायरीवर बसून तिनं चिटूच्या केसांवरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "आता कुणी विचारलं तर छाती ठोकून सांगता येईल, आमची आहे म्हणून."

चिटू तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीनं दुखणं अंगावर काढलं, आणि अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. बाप कोण, हे तिनं कधी सांगितलं नाही. दाखल्यावरही ती जागा कोरीच होती. मावशीला मूलबाळ नव्हतं. ती बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायची, नवरा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. पोर घरात आली तेव्हा पहिलीत होती. "ठेवायचंच तर रीतसर ठेवू," असं नवराच म्हणाला होता.

रीतसरची घाई होती ती कानापायी. चिटूचा डावा कान सारखा वाहायचा. उशी ओली व्हायची, वर्गात कुणी शेजारी बसायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडद्याच्या आत घाण साचतेय, ती हाड खातेय, ऑपरेशन लवकर करा. खर्च दोघांच्या पगारात बसणारा नव्हता. पण काचकारखान्याच्या विम्यात कामगारांच्या मुलांचं सगळं व्हायचं. मूल आपलं असल्याचा जन्मदाखला तेवढा द्यायचा. नुसता कोर्टाचा हुकूम त्यांना चालत नव्हता.

जन्मनोंदणीच्या कचेरीत खिडकीवर एक बाई होत्या. खांद्यावर शाल, समोर थर्मास. त्यांनी हुकूम वाचला, जुना दाखला वाचला, मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"हुकुमात मयत आईच्या नावात वेलांटी पहिली आहे. दाखल्यात दुसरी."

"एकच आहे हो ती," मावशी म्हणाली. "माझी सख्खी बहीण."

"असेल ना. पण तुमच्या तोंडच्या शब्दावर मी नोंद फिरवली तर उद्या माझ्या नोकरीवर येईल. कोर्टातून दुरुस्त करून आणा."

कोर्टात गेले तर साहेब रजेवर. रजा संपली तर साहेबांची बदली. नवे साहेब येईपर्यंत फाइल हलायची नाही, आणि वकील फोन उचलेनासा झाला. नवऱ्यानं इतक्या सुट्ट्या टाकल्या की मुकादम म्हणाला, "तू कोर्टातच नोकरी धर की." मावशी पुडे भरता भरता हात थांबवून तशीच उभी राहायला लागली.

एका सकाळी चिटू उठली ती कानामागे लालभडक सूज घेऊन. ताप होता, चालताना तोल जात होता. दोघांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर चिडले. "मी केव्हाचं सांगतोय. कशाची वाट बघताय?"

"वेलांटीची," नवरा म्हणाला.

डॉक्टरांना ते कळलं नाही, आणि समजावून सांगायचं त्राण कुणातच नव्हतं. सुया टोचून सूज उतरवली, औषधं दिली, आणि यापुढे एक दिवसही दवडू नका म्हणून बजावलं.

दुरुस्त हुकूम शेवटी आला. मावशी चिटूला घेऊन पुन्हा खिडकीवर गेली. शालवाल्या बाईंनी या खेपेला सगळं बरोबर असल्याचं सांगितलं आणि हात पुढे केला. "जुना दाखला द्या. तो जमा होतो."

मावशीनं दाखला पिशवीतून काढला, पण सोडला नाही. "नव्यावर तिचं नाव कुठं येतं?"

"कुणाचं?"

"बहिणीचं."

"येत नाही. आई म्हणून तुमचं, वडील म्हणून तुमच्या मिस्टरांचं. जुनी नोंद मोहोरबंद होते, कुणाला बघायला मिळत नाही."

"कोपऱ्यात कुठं तरी? बारीक अक्षरात?"

बाईंनी मान हलवली. त्यांचा आवाज उतरला. "लोक खूश होतात हो यावर. पोराला उद्या कुणी टोचून बोलायला नको म्हणून तर केलंय हे."

"मी तिला जन्म दिला, असंच होईल मग."

"कागदावर, हो."

चिटू मावशीच्या हाताला धरून उजव्या अंगाला उभी होती, डाव्या कानानं तिला नीट ऐकू येत नव्हतं. "काय म्हणाल्या त्या?" तिनं मोठ्यानं विचारलं. मावशी "काही नाही गं" म्हणाली आणि दाखला खिडकीतून आत सरकवला. आतून शिक्का मारल्याचा आवाज आला. धाकटीला सरणावर ठेवलं तेव्हा आला नव्हता तो हुंदका तिला आता आला, आणि रांगेतली माणसं दुसरीकडे बघू लागली.

नवा दाखला घरी आला तो चिटूनंच पाकीट फोडून वाचला. अक्षर लावून, बोट ठेवून. मग ती पळत स्वयंपाकघरात आली.

"मावशी, परत चुकवलं त्यांनी! आईच्या जागी तुझंच नाव घातलंय. आता पुन्हा जावं लागणार?"

नवरा जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. मावशीनं हात पुसले, पोरीला उजव्या बाजूनं जवळ घेतलं आणि सांगितलं, चुकलेलं नाही, असंच असतं. चिटूनं दाखला पुन्हा वाचला. रडली नाही. तिनं तो घडी करून ओट्यावर ठेवला आणि बाहेर जाऊन बसली.

ऑपरेशन झालं. घाण निघाली, जिवावरचं टळलं. "पण ऐकू येण्याची हाडं उरलीच नव्हती," डॉक्टर म्हणाले. "आधी आला असतात तर..." डावा कान गेला तो गेलाच.

शाळेच्या कागदांतही आता आई म्हणून मावशीचंच नाव लागलं. चिटू मात्र मावशीला मावशीच म्हणते. मावशी भांडी घासत असताना ती कोरडं फडकं घेऊन शेजारी उभी राहते आणि विचारते, "आईचं काही तरी सांग." मावशी सांगते. बहीण लहानपणी चप्पल उलटी घालायची, चिमणीसारखी खायची, अंधारात गाणं म्हणायची. पण बहीण मावशीच्या लग्नाआधीच दूर राहायला गेली होती, आणि आठवणी काही अमाप नव्हत्या. त्याच त्याच सांगायला लागल्यावर चिटू म्हणते, "हे झालंय. दुसरं."

परवा मावशीला दुसरं काही सुचेना. मग तिनं मनानंच एक रचली. बहिणीनं पावसात भिजलेलं कुत्र्याचं पिल्लू ओढणीत लपवून घरी आणलं होतं, आणि रात्रभर त्याला जवळ घेऊन बसली होती, अशी.

चिटूनं फडकं खाली ठेवलं. "ही सगळ्यात छान आहे," ती म्हणाली. "पुन्हा सांग."