वीतभर फट

भिंत घालायचं कारण सांगितलं तर हसाल. घरी पाहुणे आले आणि गॅस संपला, एवढंच. कुणी संपवला यावरून थोरली सून काही बोलली, त्यावर धाकटी काही बोलली. मग दोघींचे नवरे बोलले, आणि तिथेच सगळं बिघडलं. बायकांचं भांडण दिवेलागणीपर्यंत टिकत नाही. पुरुष मात्र ते जपून ठेवतात.

थोरला बसवर कंडक्टर आहे, धाकटा फर्निचरच्या कारखान्यात सुतार. भिंत अर्थातच धाकट्याने घातली, कारखान्यातल्या टाकाऊ फळ्या आणून. डोक्यात राग असूनही अशी सरळ घातली की मला मनातल्या मनात कौतुक वाटलं. पुढचा अर्धा भाग, रस्त्याकडचा, खिडकीसकट थोरल्याला. गॅस त्याच्या नावावर, म्हणून तोही तिकडे. मागचा अर्धा भाग धाकट्याला, जुन्या चुलीसकट. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ना, आमच्याकडे ती अर्ध्याच घरात राहिली. मी, म्हणजे या दोन शहाण्यांची आई, दोघांच्याही वाट्याला आले. सकाळी पुढे जेवायचं, रात्री मागे.

फळ्या छपराला वीतभर कमी पडल्या. धाकटा आणखी तुकडे आणायला निघाला तर मीच अडवलं. म्हटलं, राहू दे, हवा खेळेल. खरं म्हणजे मला वाटलं, हे दोघं एकमेकांशी बोलणार नसले तरी एकमेकांचा आवाज तरी कानावर पडेल.

पण त्या फटीतून आवाजापेक्षा धूरच जास्त जायचा. धाकट्याला कारखान्यातून प्लायवूडचे तुकडे फुकट मिळतात, रंग लावलेले, सरसाने चिकटवलेले. सरपणाची ददात नाही. पण तो धूर साध्या लाकडाचा नव्हे, डोळ्यांत गेला की मिरची परवडली. मागचं दार उघडावं तर समोर हाताच्या अंतरावर गोदामाची भिंत. बाहेर गेलेला धूर तिच्यावर आपटून पुन्हा घरात. बोळात चूल मांडायची सोय नाही, कारण गोदामात कापसाचे गठ्ठे. पेटती काडी दिसली की रखवालदार अंगावर येतो, आणि त्याचं चूक आहे असंही म्हणता येत नाही. तेव्हा धुराला वाट एकच, ती फट. शिजायचं मागे आणि ठसका लागायचा पुढे.

अशात दोघींना मागेपुढे दिवस गेले. धाकटी दोन महिन्यांनी पुढे होती. थोरलीचं हे तिसरं. गॅस यायच्या आधी चूल तिच्याच अंगावर होती, तेव्हा दोनदा दिवस राहिले आणि दोन्हीदा पोर गेलं. त्यामुळे यावेळी ती जिना उतरावा तशी जपून जमिनीवर चालायची.

दवाखान्याची नर्सबाई तपासायला आली. उंबऱ्यातच तिने नाक आक्रसलं आणि वर फटीकडे पाहिलं.

"हा धूर रोज येतो?"

"चूल म्हटल्यावर धूर येणारच," मी म्हटलं.

"आजी, आईच्या छातीत गेलेला धूर तिच्या रक्तात उतरतो. मग पोटातल्या बाळाला पुरेसा प्राणवायू पोचत नाही. त्याचं वजन भरत नाही, कधी दिवसही भरत नाहीत. आणि जन्मल्यावर त्याच धुरात ठेवलं तर छाती भरते."

"बाई, मी चार काढली याच चुलीपुढे."

"राहिली किती?"

"दोन," मी म्हटलं.

आमच्या वेळी पोर गेलं की देवाने नेलं म्हणायचे. चुलीकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघे कामाला गेल्यावर थोरलीने फटीकडे तोंड करून हाक मारली. "अगं, ये इकडे. गॅसवर टाक तुझा भात. कोण बघतंय?"

धाकटी आधी नाही नाही म्हणाली, मग गेली. दोघी शेगडीपुढे पोटाला पोट लावून उभ्या राहायच्या आणि कुणाचं पुढे आलंय यावरून हसायच्या. मी पातेली इकडून तिकडे न्यायचे. मला फार बरं वाटायचं. भिंत काय, पुरुषांना घालू द्यावी, असं मी मनाशी म्हणायचे.

धाकट्याने एका संध्याकाळी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"भाताला धुराचा वास नाही."

तो उठला, चुलीपाशी गेला, तळवा टेकवला. चूल गार.

"कुणाच्या गॅसवर शिजला?"

मीच म्हटलं, "तुझ्या भावाच्या. मग?"

"त्याच्या गॅसवरचं माझ्या पोराच्या पोटात जायचं नाही."

"आणि धूर जातोय तो चालतो का रे, गाढवा?"

तो ताटावरून उठून गेला. त्या दिवसापासून जाताना चुलीत तुकडे रचून जायचा आणि आल्यावर राख बघायचा.

चार दिवसांनी थोरल्याने भंगारातला पत्रा आणि दोन फळ्या आणल्या, स्टुलावर चढला आणि फट बुजवायला लागला. हातोडीची सवय नाही, निम्मे खिळे वाकडे.

"अरे, तो धूर जाणार कुठे?" मी विचारलं.

"कुठेही जाऊ दे. इकडे यायला नको."

"तिकडे तुझी भावजय आहे. तीही पोटुशीच आहे."

त्याने हातोडी खाली घेतली. "आई, माझी दोन गेलीत. तिसरं गेलं तर ही वेडी होईल. मी काय करू, सांग तूच."

त्याने उरलेले खिळे ठोकले.

मग मागचा अर्धा भाग धुराने भरायला लागला. धाकटी म्हणायची, "धूर वर असतो हो आई, खाली बसलं की लागत नाही." ती पाटावर बसायची, पुढे पुढे जमिनीवरच बसायला लागली. धूरही तिच्यामागोमाग खाली यायचा. छपराला काजळीचे लोंबते धागे आले. मी धाकट्याला म्हटलं, वर पत्रा काप आणि नळकांडं बसव. हो म्हणाला. घरमालकाला विचारायला गेला. घरमालक म्हणाला, गोदामाला लागून नळकांडं नको, ठिणगी उडाली तर मी मेलो.

धाकटी आठव्यातच अडली. मुलगी झाली, एवढीशी. मी तिला शेंग म्हणायचे. नर्सबाईने वजन करून बजावलं, हिला ऊब द्या, आईच्या छातीशी ठेवा आणि धुरापासून लांब ठेवा. आता ऊब द्यायची तर आत, धूर टाळायचा तर बाहेर थंडीत. चूल पेटली की मी शेंगेला गुंडाळून पुढच्या दाराने थोरलीकडे न्यायचे. धाकटा बघायचा आणि बघितलं नाही असं दाखवायचा. पोटच्या पोरीपुढे एवढं तरी वाकला. थोरली आपल्या वाढलेल्या पोटावर तिला आडवी घ्यायची आणि म्हणायची, "बघ गं, आत तुझं भावंड आहे." पण झोपायला तर शेंग मागेच जायची. तिथल्या गोधडीला, भिंतीला, आईच्या केसांना धूरच होता.

तिची छाती वाजायला लागली. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडायचे. थोरला बस सोडून रिक्षा घेऊन आला, धाकटा शेंगेला घेऊन तीत बसला. दवाखान्यात नळी लावली, सुई लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. डॉक्टरांनी विचारलं, घरात चूल आहे का. धाकट्याने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला त्याचा राग आला, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने स्टुलावर चढून फटीवरचा पत्रा आणि फळ्या उचकटल्या आणि मागच्या बोळात नेऊन टाकल्या. मग गॅसचा सिलेंडर आणि शेगडी उचलून मागच्या अर्ध्यात आणून ठेवली. "हे तू ठेव," म्हणाला.

धाकट्याने सिलेंडरकडे पाहिलं. "आता? पोर गेल्यावर मला अक्कल आली म्हणून? ने ते."

"अरे, पण..."

"ने म्हणतो ना."

सुंभ जळतो, पीळ जळत नाही. थोरला सिलेंडर घेऊन परत गेला.

संध्याकाळी धाकटीने चूल पेटवली. बाळंतपणाला पुरते दिवसही झाले नव्हते, पण दुसरं करणार कोण, मला तर आता चुलीतला जाळही धड दिसत नाही. धूर वर चढला, त्याला त्याची जुनी वाट सापडली आणि तो पलीकडे गेला. लगेच पलीकडून थोरलीचा ठसका आला. एक, मग आणखी एक.

धाकटी वर बघत राहिली. मग तिने जळते तुकडे ओढून त्यांच्यावर पाणी मारलं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "फट बंद करा."

"दादाने उघडलीय. राहू दे."

"जाऊबाईंना आठवा लागलाय. बंद करा."

"आणि तू?"

"आपल्याला आता काय फरक पडतो?"

मग त्याने बोळातून तोच पत्रा आणि त्याच फळ्या उचलून आणल्या, थोरल्याचे वाकडे खिळे काढून दगडावर सरळ केले आणि स्टुलावर चढला. पहिला घाव पडला तसा पलीकडून थोरल्याचा आवाज आला, "अरे, नको." भिंत घातल्यापासून त्या फटीतून भावाने भावाला मारलेली ती पहिलीच हाक. धाकट्याने हातोडी थांबवली नाही. फळ्या अशा बसवल्या की सुई जाणार नाही. एका कोपऱ्यात थोडी चीर राहिली, तर धाकटीने शेंगेची दुपटी खालून वर दिली. ती त्याने तिथे कोंबली.

वर्षभरात तिला पुन्हा दिवस जातील. खोली हीच असेल, चूलही हीच. हे मला कळत होतं, तिलाही कळत असणार.

तिने चूल पुन्हा पेटवली. रात्रीचं माझं जेवण मागच्या घरी असतं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक तुकडा आत सारला.